जुना थिंकपॅड टी४८०: घेताना काय बघावं, पुढे विकण्याआधी काय करावं

ऐरोली, महापे, घणसोलीच्या कंपन्यांमधून लीज संपलेले लॅपटॉप लॉटने बाहेर पडतात आणि ठाणे-वाशीच्या दुकानांत येऊन बसतात. त्यात लेनोव्होचा थिंकपॅड टी४८० कायम दिसतो. मॉडेल २०१८ चं आहे, तरी सेकंड हँडमध्ये व्यवहार करायला आजही यासारखा पीस कमी मिळतो. आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर असेल तर विंडोज ११ अधिकृतपणे चालतं. रॅमचे दोन स्लॉट आहेत आणि दोन्हींतली रॅम काढता-घालता येते, बॅटऱ्या दोन आहेत, आणि तळाचं झाकण सहा स्क्रूंवर उघडतं. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यापासून आठवी पिढी आणि सातवी पिढी यांच्या भावात मोठी दरी पडली आहे.

नेमका घोळ तिथेच होतो. टी४७० दिसायला जवळजवळ हुबेहूब असाच आहे, आणि त्याला विंडोज ११ चा अधिकृत सपोर्ट नाही. प्रोसेसरच्या स्टिकरवर जाऊ नका. मशीन उलटं करून टाइप नंबर वाचा: टी४८० चा २०एल५ किंवा २०एल६ ने सुरू होतो, टी४७० चा २०एचडी, २०एचई, २०जेएम किंवा २०जेएन ने. दुसरा जुळा म्हणजे टी४८०एस. तो पातळ आणि हलका आहे, पण त्याची काही रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते आणि बॅटरी एकच, तीही आत. वाईट मशीन नाही, पण भाव वेगळा. लॉटच्या यादीत दोन्ही एकाच नावाखाली लिहिलेले असतात, म्हणून यादीवर भाव ठरवू नये.

पीस हातात आला की विंडोज सुरू होऊ देऊ नका. चालू करताना एफ१ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये जा. पासवर्ड मागितला तर सौदा तिथेच थांबवा. सुपरवायझर पासवर्ड (बायोसच्या सेटिंगचं कुलूप) लागलेला असला तरी विंडोज बिनबोभाट चालतं, त्यामुळे दुकानात कुणाच्या लक्षात येत नाही. नंतर बूट क्रम बदलायला गेलं की सगळं करडं दिसतं. विसरलेला सुपरवायझर पासवर्ड काढायचा लेनोव्होचा अधिकृत मार्ग म्हणजे मदरबोर्ड बदलणे. बाजारात चिप री-प्रोग्रॅम करून देणारे आहेत, पण तसा पीस पुढे वॉरंटी देऊन विकू नये. पासवर्ड नसेल तर सिक्युरिटी पानावर ॲब्सोल्यूट किंवा कॉम्प्युट्रेस या लॅपटॉपवर दुरून पाळत ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची नोंद बघा. ती ॲक्टिव्ह असेल, तर डिस्क बदलली तरी फर्मवेअर (चिपवरचं कायमचं सॉफ्टवेअर) विंडोजमध्ये आपला पाळतीचा प्रोग्रॅम परत टाकतं. मुख्य पानावरचा सीरियल नंबर तळाच्या लेबलशी जुळवा. जुळला नाही तर बोर्ड किंवा खालचा भाग बदललेला आहे.

कंपनीच्या लॅपटॉपात याहून लपलेलं एक कुलूप असू शकतं, ते म्हणजे ऑटोपायलट: मायक्रोसॉफ्टकडे मशीनची कंपनीच्या नावावर असलेली ऑनलाइन नोंद. विंडोज प्रो रीसेट करून पहिल्या सेटअपच्या वेळी वायफाय जोडा. लॉगिनच्या पानावर जुन्या कंपनीचं नाव आलं, तर ते मशीन अजून त्यांच्या नोंदीत आहे. बरेच विक्रेते इंटरनेट न जोडता लोकल अकाउंट बनवून देतात किंवा होम आवृत्ती टाकतात, म्हणून काउंटरवर सगळं ठीक दिसतं. सहा महिन्यांनी गिऱ्हाईक विंडोज पुन्हा टाकतं, तेव्हा फोन तुम्हाला येतो. ही नोंद त्या कंपनीच्या आयटी विभागाकडून काढून घ्यावी लागते. लॉट घेताना सीरियल नंबरनिहाय नोंद काढल्याचं पत्र मागा आणि तरीही प्रत्येक पीस वायफायवर तपासा.

आता टी४८० चा खरा कच्चा दुवा. या मशीनला गोल किंवा चौकोनी पिनचं चार्जिंग नाही. सगळं यूएसबी-सी वर. डावीकडे दोन सी पोर्ट आहेत, त्यातला एक थंडरबोल्ट ३, म्हणजे जास्त वेगाचा. जुन्या थंडरबोल्ट फर्मवेअरमध्ये दोष होता: ते आपल्या छोट्या मेमरी चिपवर सतत लिहीत राहायचं आणि काही काळाने ती चिप बिघडायची. मग सी पोर्टवरून चार्जिंग बंद पडतं, डॉक (एका केबलवर जादा पोर्ट देणारा डबा) ओळखला जात नाही, एचडीएमआयवर चित्र येत नाही, कधी सुरू होतानाच मशीन अडकतं. लेनोव्होने दुरुस्त फर्मवेअर काढलं, पण कंपनीत पडून राहिलेल्या कित्येक लॅपटॉपांवर ते कधी चढलंच नाही.

म्हणून तपासणी अशी: चार्जर एका पोर्टला लावा, मग दुसऱ्याला, प्रत्येक वेळी पिन उलटीही घालून बघा. केबल हलकेच वर-खाली हलवा. चार्जिंगचा दिवा लुकलुकला तर पोर्ट ढिला आहे, आणि पोर्ट थेट बोर्डावर सोल्डर केलेला असल्यामुळे ते काम हॉट एअर मशीन असलेल्या कारागिराचंच. एचडीएमआय टीव्हीला जोडून बघा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये थंडरबोल्ट कंट्रोलर दिसला पाहिजे. मात्र काही जोडलेलं नसताना तो लपतो, त्यामुळे थंडरबोल्ट डॉक लावूनच खात्री करा. सगळं चालत असेल तर विकण्याआधी बायोस, मग थंडरबोल्टचा ड्रायव्हर आणि शेवटी फर्मवेअर अपडेट करा. अपडेट चालू असताना चार्जर काढू नका, अर्धवट राहिलं तर चांगला पोर्टही जातो. आधीच मेलेल्या पीसची चिप काढून नव्याने प्रोग्रॅम करता येते, पण तो खर्च खरेदीच्या भावातूनच वजा व्हायला हवा.

बॅटऱ्या दोन: आतली २४ वॉट-अवरची, मागची २४, ४८ किंवा ७२ ची. मोठी मागची बॅटरी खाली फुगवट्यासारखी दिसते, ती मुद्दाम तशीच आहे, घाबरू नका. काउंटरवरची झटपट चाचणी अशी: मशीन चालू ठेवा, आतली थोडी चार्ज आहे का बघा, चार्जर काढा आणि मागची बॅटरी उपसून घ्या. चालू राहिलं तर आतली जिवंत. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये powercfg /batteryreport चालवा आणि दोन्हींची मूळ क्षमता व सध्याची पूर्ण चार्ज क्षमता ताडून बघा. आतलीचा आकडा मूळच्या ६० टक्क्यांच्या खाली असेल तर बदलूनच विका. कॉपी बॅटरी कधीकधी १०० टक्के दाखवते आणि अर्ध्या तासात बसते, तेव्हा नुसत्या आकड्यावर थांबू नका, अर्धा तास व्हिडिओ चालवून बघा.

स्क्रीन हा टी४८० चा दुसरा दोष, पण इलाज सोपा. कंपन्यांनी स्वस्तात घेतलेल्या बऱ्याच मशीनवर १३६६ × ७६८ चं टीएन पॅनल असतं. बाजूने बघितलं की रंग उलटे होतात. फुल एचडी आयपीएस असलेला पीस थोडा जास्त देऊनही घ्यावा. नसेल तर १४ इंची, ३० पिनचं फुल एचडी पॅनल जुन्याच केबलवर बसतं. २५६० × १४४० च्या पॅनलला मात्र ४० पिनची वेगळी केबल लागते. पूर्ण पांढरी आणि पूर्ण करडी स्क्रीन लावून दाबाचे डाग शोधा. पाठीवरच्या बॅगेत चेंगरलेल्या लॅपटॉपवर ते मधोमध उमटतात.

तळाकडे नीट बघा. कीबोर्डवर सांडलेलं पाणी निघून जाण्यासाठी खाली छिद्रं असतात. त्यांच्या कडेला चिकट तपकिरी वळ दिसला तर चहा आत गेला होता असं समजा आणि झाकण उघडल्याशिवाय भाव बोलू नका. पोर्टांच्या धातूवर गंज असेल तर आपल्याकडचा पावसाळा कारणीभूत असू शकतो, तरी बोर्डावर पांढरट-हिरवा थर नाही ना हे बघून घ्या. उघडण्याआधी बायोसमध्ये जाऊन बिल्ट-इन बॅटरी डिसेबल करा, मागची काढा, मग स्क्रू. हे न करता रॅम काढणं म्हणजे चालू विजेत हात घालणं. सुरू होताना तारखेबद्दल ०२७१ क्रमांकाची तक्रार येत असेल तर सीमॉस सेल (बोर्डावरचं घड्याळ चालवणारा छोटा सेल) बदला. स्वस्त काम आहे.

तयारीत फॅनची धूळ, नवी थर्मल पेस्ट, आणि एकाच स्लॉटमध्ये ८ जीबी असेल तर जोडीला दुसरी ८ जीबी. अंगभूत ग्राफिक्स याच रॅमवर चालतं, त्यामुळे जोडीने फरक जाणवतो. डिस्कचा डेटा नुसता फॉरमॅट करून सोडू नका, एसएसडीला सिक्युअर इरेज (सगळा डेटा कायमचा पुसणारी आज्ञा) द्या. कंपनीचे स्टिकर थिनरने काढू नका; झाकणाचा मऊ थर उतरतो आणि चकाकणारा पांढुरका डाग कायमचा राहतो. हेअर ड्रायरने स्टिकर कोमट करा, जुन्या एटीएम कार्डाने उचला, उरलेला गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. सीरियलच्या लेबलला हात लावू नका.

बिलावर टाइप नंबर, सीरियल, रॅम, डिस्क, पॅनलचा प्रकार आणि दोन्ही बॅटऱ्यांची मोजलेली क्षमता लिहा. जीएसटी नोंदणी असेल आणि खरेदीवर इनपुट क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) घेतलं नसेल, तर जुन्या मालावर कर फक्त नफ्याच्या फरकावर लागतो. सीजीएसटी नियम ३२(५) मध्ये ही सोय आहे. काढलेली फुगलेली बॅटरी भंगारवाल्याच्या गोणीत टाकू नका. टर्मिनलवर टेप लावून वेगळी ठेवा आणि अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्या.