सरफेस लॅपटॉप ७: प्रोग्रॅम चालतात, ड्रायव्हर अडतात

जून २०२४ मध्ये आलेल्या या लॅपटॉपमध्ये इंटेलऐवजी क्वालकॉमचा स्नॅपड्रॅगन एक्स प्लस किंवा एक्स एलिट आहे. पडद्यावर नेहमीचंच विंडोज ११ दिसतं, पण ते स्नॅपड्रॅगनसारख्या एआरएम६४ प्रोसेसरसाठी (इंटेल-एएमडीहून वेगळी रचना) बांधलेलं असतं. बहुतेकांनी बिनधास्त घ्यावा. अडचण येते ती जुनी उपकरणं जोडणाऱ्यांना.

ऑफिस, क्रोम, फायरफॉक्स थेट एआरएमवर चालतात. एक्स८६साठीचे, म्हणजे इंटेल-एएमडीसाठीचे जुने प्रोग्रॅम, ३२ बिटी असोत वा ६४, विंडोजमधलं 'प्रिझम' चालता चालता रूपांतरित करतं आणि ते रूपांतर साठवून ठेवतं. म्हणून पहिल्यांदा उघडायला वेळ लागतो, पुढे कमी. कोणता प्रोग्रॅम रूपांतरावर चालतोय हे टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स'मध्ये 'आर्किटेक्चर' रकाना सुरू केला की कळतं. एखादा रुसलाच, तर त्याच्या प्रॉपर्टीजमधल्या 'कॉम्पॅटिबिलिटी' टॅबवर इम्युलेशनची (म्हणजे या रूपांतराची) सेटिंग बदलून पाहावी.

ड्रायव्हरला मात्र ही सोय नाही. ते कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात चालतात आणि प्रिझम तिथे पोचत नाही. त्यामुळे जुना यूएसबी लेझर प्रिंटर, स्कॅनर, सॉफ्टवेअरच्या लॉकचा डाँगल, काही व्हीपीएन यांना एआरएम६४ ड्रायव्हर नसेल तर उपाय नाही. मोप्रिया (छपाईचं सामायिक मानक) प्रमाणित प्रिंटर विंडोजच्याच ड्रायव्हरवर छापतात. खरेदीआधी प्रत्येक उपकरणाचं डाउनलोड पान उघडा आणि 'एआरएम६४' हा शब्द शोधा. नुसतं 'विंडोज ११, ६४ बिट' लिहिलं असेल तर ते बहुधा इंटेल-एएमडीपुरतंच असतं. इथेच जास्त लोक फसतात.

मराठी टायपिंगचंही तसंच. विंडोजमधले इनस्क्रिप्ट आणि मराठी फोनेटिक कीबोर्ड व्यवस्थित चालतात. बाहेरून बसवलेल्या आयएमईची (टायपिंगच्या सॉफ्टवेअरची) डीएलएल फाइल मात्र प्रत्येक प्रोग्रॅमच्या आत शिरून काम करते, आणि एक्स६४ची (६४ बिटी इंटेल-एएमडीची) डीएलएल नोटपॅडसारख्या एआरएम६४ प्रोग्रॅममध्ये शिरू शकत नाही. आयएमईची एआरएम६४ आवृत्ती आहे का, हे आधी विचारा.

लिनक्ससाठी हा लॅपटॉप घेऊ नका. उबुंटू या लिनक्सची नेहमीची एएमडी६४ (इंटेल-एएमडीसाठीची) आयएसओ बूटच होत नाही. एआरएम६४ची घेतली, तरी नेमक्या या मॉडेलचं डिव्हाइस ट्री (हार्डवेअरचं वर्णन) कर्नलमध्ये असावं लागतं.

रॅम बोर्डावरच जोडलेली आहे, तेव्हा किती जीबी हवी हे घेतानाच ठरवा. एसएसडी एम.२ २२३० आकाराची, बदलता येणारी आहे. विंडोज दुरुस्तीचा जुना एक्स६४ पेनड्राइव्ह इथे चालत नाही; एआरएम६४चा वेगळा करून ठेवा.