पहिलं ब्लॅक पावडर रिव्हॉल्व्हर: कोल्ट की रेमिंग्टन?

कॅप-अँड-बॉल रिव्हॉल्व्हर (काडतूस नाही, फिरत्या सिलिंडरच्या प्रत्येक चेंबरमध्ये काळी दारू म्हणजे ब्लॅक पावडर आणि शिशाची गोळी भरायची, मागे ठिणगी देणारी छोटी कॅप बसवायची) घ्यायचं म्हणून बघायला लागलं की दहा मॉडेलं समोर येतात, पण पहिलं घेताना खरा प्रश्न दोन घराण्यांचाच, कोल्ट की रेमिंग्टन. इथे अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी लिहितोय, फेडरल कायदा जुन्या रिव्हॉल्व्हरांच्या या नव्या नकलांना, म्हणजे रेप्लिकांना, फायरआर्म धरत नाही पण काही राज्यांचे नियम कडक आहेत, तेव्हा आपल्या राज्याचं आधी बघा. भारतात आर्म्स ॲक्ट लागतो, परवान्याशिवाय विषयच नको.

पितळी फ्रेमचं (फ्रेम म्हणजे रिव्हॉल्व्हरचा मुख्य सांगाडा) आधीच बाजूला काढतो. स्वस्त मिळते, दिसते झकास. अमेरिकन सिव्हिल वॉरमध्ये जॉर्जियाच्या ग्रिसवोल्ड अँड गनिसनने पितळी फ्रेमची .36 (कॅलिबर, नळीच्या भोकाचा साधारण व्यास इंचात) रिव्हॉल्व्हरं बनवली हे खरंय, पण आज पितळी फ्रेमची .44 "1851 नेव्ही" म्हणून जी विकतात ती त्या काळी नव्हतीच, कोल्टची मूळ नेव्ही .36 ची. आणि .44 मध्ये भरपूर दारू घालून मारत राहिलात की सिलिंडरच्या मागच्या दात्यांचे ठसे मऊ पितळेत उमटतात आणि सगळं हळूहळू ढिलं पडतं. थोडे पैसे साठवा पण पोलादीच घ्या.

आता रेमिंग्टन, ज्याला सगळे 1858 म्हणतात (ते पेटंटचं साल). सिलिंडरच्या वरून फ्रेमची पट्टी जाते त्यामुळे बांधा भक्कम, मागची साइट (नेम धरायची खाच) त्या पट्टीतच कोरलेली, जागची हलत नाही. कोल्टची मागची साइट म्हणजे हॅमरवरची, म्हणजे घोड्यावरची, खाच, घोडा ओढला तरच दिसते, आणि रेंजवर पंचवीस यार्डांवर बहुतेक कोल्ट टार्गेटच्या बऱ्याच वर मारतात. रेमिंग्टनचं सिलिंडर काढणंही सोपं, हॅमर हाफ-कॉकवर (अर्धा मागे ओढलेला), लोडिंग लिव्हर (नळीखालचा गोळी दाबायचा दांडा) खाली, पिन (जिच्यावर सिलिंडर फिरतं ती) पुढे ओढा की सिलिंडर हातात. कोल्टला आधी पाचर ठोकून काढा, मग नळी सुटते, मग सिलिंडर.

मग कोल्ट घ्यायचंच कशाला? काजळीसाठी. ब्लॅक पावडर भयंकर घाण करते आणि रेमिंग्टनची पिन बारीक, वंगण धरून ठेवायला तिच्यावर खाचा नाहीत, त्यामुळे दोन-तीन सिलिंडर मारून झाले की ते जड फिरायला लागतं, पिन पुसून ग्रीस लावल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कोल्टचा मधला दांडा जाड, त्यावर ग्रीससाठी खाचा, तो बराच जास्त वेळ सुरळीत फिरतो. शिवाय हातात धरल्यावर 1851 नेव्हीचा तोल असा काही आहे की नेम आपोआप लागतो, मला तरी रेमिंग्टनमध्ये ते कधी जाणवलं नाही. पण कोल्टचा एक त्रास मोठा, फुटलेल्या कॅपचा तुकडा हॅमरच्या फटीतून आत पडतो आणि ऐन मध्यात घोडा अडकतो. .44 च हवी असेल तर कोल्टचीच 1860 आर्मी, त्यातही हीच भानगड आहे.

माझं स्पष्ट मत, टार्गेटवर नेम धरून मारायचंय आणि मध्ये मध्ये पुसायची तयारी आहे तर पोलादी फ्रेमचं रेमिंग्टन. इतिहासाची ओढ असेल, निवांत मारायचं असेल तर 1851 नेव्ही, .36 ला दारूही कमी लागते, धक्काही कमी बसतो. दोन्हीत फक्त ब्लॅक पावडर किंवा पायरोडेक्ससारखा पर्याय, स्मोकलेस पावडर (आजच्या काडतुसांतली दारू) कधीच नाही, जीवावर बेतेल.

कंपनी पिएटा किंवा उबर्टी, दोन्ही इटलीच्या ब्रेशिया भागातल्या, दोन्ही चांगल्या. गोळ्या मात्र बघून मागवा, .44 असेल तर उबर्टीला .454 आणि पिएटाला साधारण .451. गोळी चेंबरमध्ये दाबताना कडेने शिशाची बारीक अख्खी कडी कापली जायला हवी, कडी तुटक निघाली किंवा निघालीच नाही तर गोळी लहान पडतेय, एक साइझ मोठी मागवा.