तुळशीबाग आणि बोहरी आळी : पहिल्या घराची खरेदी

गेल्या मे महिन्यात आम्ही तिघे, म्हणजे मी, माझे पती आणि साडेतीन वर्षांची मुलगी, सासरच्या एकत्र घरातून धायरीतील वन बीएचके सदनिकेत राहायला आलो. पलंग, कपाट आणि फ्रीज आधीच आले होते; स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि गॅलरी मात्र पूर्णपणे रिकामी होती. ऑनलाइन दुकानांत अशा नव्या घरांसाठी 51 किंवा 71 नगांचे तयार संच मिळतात आणि एका क्षणी आम्ही तसा संच मागवण्याच्या बेतातही होतो; परंतु यादी नीट वाचल्यावर असे दिसले, की त्यातील जवळजवळ निम्मे नग हे चमचे असून झाकणेही स्वतंत्र नग म्हणून मोजली आहेत. रोजच्या आमटीचे पातेले त्या यादीत एकच होते. त्यामुळे आम्ही पुण्याच्या मध्यवस्तीतील तुळशीबाग आणि बोहरी आळी या बाजारांत जाऊन वस्तू हाताळून घेण्याचे ठरवले. तीन फेऱ्या आणि साधारण 21 हजार रुपये खर्च झाल्यानंतर, जवळपास वर्षभराच्या वापराच्या आधारे, हे परीक्षण लिहीत आहे. माझे मत आधीच सांगते: ज्या वस्तूचे वजन, बूड किंवा धार हाताला कळते ती वस्तू तुळशीबागेत घ्यावी, जिला तार जोडलेली असते ती तेथे घेऊ नये.

जाण्यायेण्याचा प्रश्न पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही. सप्टेंबर 2024 मध्ये मेट्रोचा भुयारी टप्पा स्वारगेटपर्यंत सुरू झाल्यापासून मंडई स्थानकावर उतरून बाजारात चालत जाता येते. आम्ही धायरीहून बसने स्वारगेटला आणि तेथून मेट्रोने एक स्थानक असे गेलो. परतताना परात आणि बादल्या घेऊन रिक्षा करावी लागली, हे वेगळे सांगायला नको. लहान मूल बरोबर असेल तर शनिवार-रविवारची संध्याकाळ टाळावी, कारण गल्ल्या अरुंद आहेत आणि साडेतीन वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर तेथे केवळ पिशव्याच असतात. दुकाने उघडता उघडता, सकाळी अकराच्या सुमारास पोहोचलेली आमची दुसरी फेरी सर्वांत सुखाची झाली.

बाजाराला नाव देणारे राममंदिर गल्ल्यांच्या आत आहे. नारो आप्पाजी खिरे, म्हणजेच तुळशीबागवाले, यांनी 1760 च्या दशकात त्याचे काम सुरू केले. मंदिराभोवतीच्या ओवऱ्यांलगत आणि बाहेरच्या बोळांत पूजेची उपकरणी, पितळी भांडी, स्टील, पोळपाट-लाटणी आणि भातुकली यांची दुकाने एकमेकांना खेटून आहेत. या दाटीचा लाभ असा, की एका दुकानात हाती घेतलेल्या पातेल्याचे वजन विसरण्याआधी दुसऱ्या दुकानातील पातेले हाती घेता येते.

स्टीलची भांडी हा आमच्या खरेदीचा मुख्य भाग होता आणि येथेच सर्वाधिक गैरसमजही आढळले. बहुतेक दुकानांत साधी पातेली, डबे आणि पराती वजनावर मिळतात, तर सँडविच बुडाची (बुडात पोलादाच्या थरांमध्ये अॅल्युमिनियमचा थर असलेली) भांडी आणि कंपनीच्या खोक्यातील संच नगावर. दुकानदार गिऱ्हाइकासमोर भांड्याला लोहचुंबक लावून दाखवतात आणि तो चिकटला नाही, की "वहिनी, हे 304 आहे" असे ठामपणे सांगतात. या चाचणीतून फारसे काही सिद्ध होत नाही. 304 प्रतीच्या पोलादात साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते आणि त्याला चुंबक चिकटत नाही हे खरे. परंतु 202 सारख्या स्वस्त प्रतीत निकेलचा बराच भाग कमी करून मँगनीज घातलेले असते आणि तिलाही चुंबक चिकटत नाही. उलट 430 प्रतीला चुंबक घट्ट चिकटतो, म्हणून ती बनावट ठरत नाही; इंडक्शनच्या शेगडीवर चालणाऱ्या भांड्यांच्या बुडाला असेच चुंबकीय पोलाद लागते. त्यामुळे भांड्यावरचा ठसा पाहावा आणि बिलावर प्रत लिहून घ्यावी. 2024 मध्ये केंद्र सरकारने स्टील आणि अॅल्युमिनियमच्या भांड्यांसाठी गुणवत्ता नियंत्रणाचा आदेश काढल्यापासून आयएसआय चिन्ह मागण्यात गिऱ्हाइकाला संकोच वाटण्याचे कारण उरलेले नाही. आम्ही आमटी, ताक आणि चिंचेच्या पदार्थांसाठी लागणारी तीन पातेली चांगल्या प्रतीची घेतली. डाळी-कडधान्यांच्या डब्यांसाठी मात्र स्वस्त प्रत पुरेशी वाटली, कारण कोरडी तूरडाळ पोलादाची परीक्षा घेत नाही.

माझ्या सासूबाईंची परीक्षा याहून साधी होती. त्या पातेले उपडे करून बुडाच्या मध्यभागी दोन्ही अंगठ्यांनी दाबत आणि बूड किंचितही आत गेले, की ते परत ठेवत. "ह्यात दूध लागणारच," एवढेच त्यांचे भाष्य असे. त्यांनी नाकारलेल्या पातेल्यांपैकी एक, काठावरच्या नक्षीला भुलून, मी हट्टाने घेतले. त्यात दूध लागतेच.

खरेदी झाल्यावर बहुतेक दुकाने भांड्यांवर नाव घालून देतात. पूर्वी हे काम छिन्नी-हातोडीने, ठिपक्याला ठिपका जोडून होत असे. आता विजेवर चालणारी लेखणीसारखी सुई असते आणि काम काही क्षणांत संपते. आमच्या दुकानात यासाठी वेगळे पैसे घेतले नाहीत. नाव कोणाचे घालावे यावर मात्र काउंटरसमोर आमची बरीच चर्चा झाली, कारण सासूबाईंच्या लग्नातील परातीवर त्यांच्या मामांचे नाव आणि 1987 हे साल आहे, म्हणजे भांड्यावर देणाऱ्याचे नाव असते; आमची भांडी आम्हीच आम्हाला देत होतो. शेवटी आडनाव आणि साल एवढेच घातले. सोसायटीतील पहिल्याच गणेशोत्सवात प्रसादाची पातेली एकत्र धुतली गेली, तेव्हा या अक्षरांचा उपयोग कळला.

लोखंड आणि बीड (ओतीव लोखंड) यांच्या बाबतीत हा बाजार खरोखर उत्तम आहे. भाकरीसाठी जाड लोखंडी तवा आणि फोडणीच्या भाजीसाठी बिडाची कढई आम्ही घेतली. बीड ठिसूळ असते, त्यामुळे कढई फरशीवर पडली तर तडकू शकते आणि लहान मूल असलेल्या घरात ती खालच्या फळीवर ठेवणे हे दोघांच्याही हिताचे नाही. नवा तवा लगेच वापरता येत नाही. तो घासून, तापवून, तेल लावून, त्यावर कांद्याच्या फोडी परतून दोन-तीन वेळा तयार करावा लागतो. हे दुकानदाराने न विचारता सांगितले. नॉनस्टिक तवा घ्यावा की नाही, असे विचारल्यावर त्याने डोशासाठी एक घ्या आणि दोन-तीन वर्षांत तो बदलावा लागेल हे गृहीत धरा, असेही सांगितले. स्वतःच्या मालाबद्दल इतके स्पष्ट बोलणारा विक्रेता मला इतरत्र क्वचित भेटला आहे.

पितळेच्या बाबतीत थोडे सबुरीने घ्यावे. पितळी पातेली सुंदर दिसतात, परंतु स्वयंपाकासाठी त्यांना आतून कल्हई लागते, म्हणजे नवसागराने भांडे स्वच्छ करून तापलेल्या अवस्थेत कथलाचा थर द्यावा लागतो आणि वापराने तो थर झिजला, की पुन्हा कल्हई करावी लागते. कल्हईवाला आमच्या संकुलाच्या दारावर येत नाही. आम्ही केवळ एक तांब्याचा हंडा घेतला आणि तोही तुळशीबागेतून न घेता कसब्यातील तांबट आळीतून, जेथे भांड्यावर हातोडीने ठोके देण्याचे मठारकाम आजही पाहायला मिळते. पितळी वस्तू वजनावर घेताना तिची कडी लोखंडी असेल तर तिचेही वजन पितळेच्या भावाने लागते, ही बारीक गोष्ट आम्हाला दुसऱ्या फेरीत कळली.

कुकरबद्दल लांबण लावत नाही. घरगुती प्रेशर कुकरला आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे; ते पाहावे. तिघांच्या घराला पाच लिटरचा एक, ज्यात वरण, भात आणि बटाटे यांची भांडी एकावर एक बसतात, आणि दोन किंवा तीन लिटरचा दुसरा पुरतो. कोणत्याही कंपनीचा कुकर असो, त्याची रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह या गल्ल्यांत सुटे मिळतात आणि मला या बाजाराचे हे सर्वांत मोठे मोल वाटते. गॅसची नळी आणि रेग्युलेटर मात्र गॅस वितरकाकडूनच घ्यावेत.

लक्ष्मी रस्ता ओलांडून रविवार पेठेत शिरले, की बोहरी आळीचा निराळा संसार सुरू होतो. बादल्या, दोऱ्या, पायपुसणी, खराटे, कुलपे, खिळे, चाळण्या, कपडे वाळत घालण्याच्या कप्प्या, पडद्यांच्या दांड्या, सर्व काही येथे आहे आणि वस्तीतील दुकानांपेक्षा दर निश्चितच कमी आहेत. परंतु हा मूलतः ठोक व्यापाराचा भाग आहे. काही दुकानांत डझनाखाली वस्तू मिळत नाही आणि एक मग मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे ज्या नजरेने पाहिले जाते, तिची सवय करून घ्यावी लागते. आम्ही शेजारच्या नव्या कुटुंबाशी वाटून घेण्याच्या बोलीवर डझनभर पायपुसणी घेतली. ती अजून आमच्याकडेच सात आहेत.

येथेच आमची एक फसगतही झाली. गॅलरीसाठी घेतलेल्या कप्पी-दोरीच्या संचाची एक कप्पी तिसऱ्या आठवड्यात निखळली आणि ओल्या चादरींसह दांडा खाली आला. मुलगी त्या वेळी आत झोपलेली होती, म्हणून निभावले. दुकानाचे नाव लिहीत नाही. तेथे "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" अशी पाटी होती आणि बिलाऐवजी आम्हाला आकडे लिहिलेला कागदाचा चिटोरा मिळाला होता. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे आणि बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर सदोष माल तीस दिवसांत परत घेण्यास नकार देणे हीदेखील तशीच प्रथा आहे. पाटी लावल्याने कायदा बदलत नाही. हे मी दुकानात शांतपणे सांगितले. दुकानदाराने बराच वेळ वाद घातला आणि अखेर पैसे न देता दुसरा, जाड दोरीचा संच दिला. तो आजवर टिकला आहे. चूक आमचीही होती, कारण चिटोरा घेऊन आम्ही निमूटपणे निघालो होतो.

विजेच्या वस्तूंसाठी आम्ही सिंहगड रस्त्यावरच्या साध्या दुकानात गेलो. मिक्सर किंवा गिझर बिघडला तर दुरुस्तीचा माणूस घरी यावा लागतो आणि त्यासाठी शिक्का असलेले हमीपत्र लागते. मध्यवस्तीत वाचलेले दोनशे रुपये अशा वेळी काही कामाचे नसतात. गिझर घेण्यापूर्वी न्हाणीघरातील सॉकेट 16 अँपिअरचे आहे का, हे पाहावे. जलशुद्धीकरण यंत्राच्या बाबतीत विक्रेत्याने आरओचा, म्हणजे विरघळलेले क्षारही काढणाऱ्या यंत्राचा, फार आग्रह धरला होता. आम्ही आधी पाणी तपासून घेतले. महापालिकेच्या आणि टँकरच्या आमच्या मिश्र पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला 300 मिलिग्रॅमच्या आसपास निघाले, तर भारतीय मानकातील स्वीकार्य मर्यादा 500 आहे. क्षारांसाठी आरओ घ्यावे, अशी स्थिती नव्हती. जंतूंचा प्रश्न वेगळा असतो आणि तो क्षार मोजणाऱ्या उपकरणाला कळत नाही, म्हणून आम्ही यूव्ही (जंतू मारणारे अतिनील किरण) आणि यूएफ (अतिसूक्ष्म गाळणी) असलेले यंत्र घेतले. त्यातून पाणी वायाही जात नाही.

लहान मुलासाठी म्हणून केलेल्या खरेदीत बेसिनपाशी ठेवण्याचा लाकडी पाट सर्वाधिक उपयोगी ठरला; सॉकेटची झाकणे आणि खालच्या कपाटांच्या कड्या पहिल्याच दिवशी बसवाव्यात. मंदिरालगतच्या दुकानातून घेतलेली पितळी भातुकली मुलीला आवडली, परंतु तिच्या खेळात अधिक वेळ खऱ्या चाळणीचाच जातो आणि पीठ चाळायच्या वेळी ती चाळणी शोधावी लागते.

न लागणाऱ्या वस्तूही आणल्या गेल्या. चकलीचा सोऱ्या दिवाळीपर्यंत थांबू शकला असता, पुरीचे यंत्र अजून खोक्यात आहे आणि बारा वाट्यांचा संच घेण्याइतके पाहुणे या घरात एका वेळी बसू शकत नाहीत. याउलट, सर्व सामान लावून पहिल्या रात्री खिचडी टाकली, तेव्हा कुकरमधून भांडे काढायला सांडशी नव्हती. दोन रुमालांनी काम भागवावे लागले. तिसरी फेरी सांडशी, गाळणी आणि पातेल्यांवरच्या ताटल्या यांच्यासाठी झाली. त्या दिवशी आम्ही बिल मागून घेतले, 190 रुपयांचे.