काढलेला प्रत्येक भाग दाखवणारे गॅरेज: पावसाळ्यापूर्वीच्या सर्व्हिसिंगचा अनुभव

पावसाळा तोंडावर आला की गाडीची सर्व्हिसिंग उरकून घ्यायची, ही आमच्या घरची जुनी पद्धत आहे. यंदा मे महिन्याच्या अखेरीस आमची 2018 सालची पेट्रोल स्विफ्ट पुण्यात सिंहगड रस्त्यालगतच्या एका गल्लीतील छोट्या गॅरेजमध्ये नेली. गाडी 62,000 किलोमीटर धावलेली आहे. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, एक लिफ्ट, मालक असलेले मिस्त्री आणि त्यांच्या हाताखालची दोन मुले, एवढेच.

पूर्वी मी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये जात असे. तेथे गाडी सकाळी आत जाई आणि संध्याकाळी धुऊन-पुसून बाहेर येई. मधल्या वेळात काय झाले, हे बिलावरूनच समजून घ्यायचे. गेल्या वर्षी तेथे सुमारे 11,000 रुपयांचा खर्च सांगण्यात आला, ज्यात इंजिन फ्लश (इंजिन आतून धुणे) आणि डिकार्बनायझिंग (साचलेली काजळी काढणे) यांसारखी कामे होती. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेतील वेळापत्रकात मात्र त्यांचा उल्लेखही नव्हता. ती मी नाकारली आणि उरलेल्या कामांचे पैसे विश्वासाने दिले.

त्या विश्वासाचे काय झाले, ते या गॅरेजमध्ये कळले. मिस्त्रींनी डॅशबोर्डमधील कप्पा मोकळा करून त्यामागचा एसीचा फिल्टर ओढून काढला, तेव्हा कडुनिंबाच्या वाळक्या पानांचा चुरा सीटवर सांडला आणि काळ्या पडलेल्या फिल्टरच्या कडेला मी स्वतः दोन वर्षांपूर्वी पेनाने लिहिलेली तारीख तशीच दिसली. गेल्या वर्षीच्या बिलात नव्या फिल्टरची किंमत लावलेली होती. मला वाईट वाटले ते पैशांपेक्षा याचे, की हाच हलगर्जीपणा ब्रेकच्या बाबतीत झाला असता तर मला पत्ताही लागला नसता.

येथे मात्र मिस्त्रींनी सुरुवातीलाच सांगितले, "साहेब, घाई नसेल तर इथेच उभे राहा, म्हणजे मला दोनदा सांगायला नको." ऑइल काढण्यापूर्वी त्यांनी इंजिन थोडे गरम करून घेतले, कारण गरम ऑइल पातळ होऊन गाळासकट नीट खाली उतरते. चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीच्या, नटाचा वॉशर नवा घातला, ऑइल फिल्टरच्या रबरी रिंगला बोटाने ऑइल लावून तो हातानेच घट्ट केला, आणि माझ्यासमोर सील फोडून पुस्तिकेत सांगितलेले 0W-20 दर्जाचेच ऑइल भरले. नंतर इंजिन चालवून बंद केले, पाच मिनिटे थांबून डिपस्टिक पुसली, पुन्हा बुडवली आणि दोन खुणांच्या मधली पातळी मला दाखवली. आमच्या गाडीला हे ऑइल 10,000 किलोमीटर किंवा 1 वर्ष, यांपैकी जे आधी होईल तेव्हा बदलायचे असते. माझी गाडी वर्षाला जेमतेम 6,000 किलोमीटर धावते, त्यामुळे माझ्यासाठी वर्षाचीच मर्यादा खरी, ही गोष्ट मला आजवर कोणी इतक्या स्पष्टपणे सांगितली नव्हती.

पुढचे ब्रेक पॅड बदलावे लागतील, असे मी धरून चाललो होतो. त्यांनी चाक काढून पॅडची जाडी मोजली आणि आणखी एक वर्ष सहज जाईल, असे सांगून पॅड साफ करून परत बसवले. ब्रेक ऑइल मात्र बदलायला लावले, कारण ते हवेतील ओलावा शोषून घेते आणि मग घाटात सतत ब्रेक दाबून तापले की पाण्याची वाफ होऊन पेडल पोकळ लागू लागते. बॅटरीच्या टर्मिनलवर साचलेली हिरवट-पांढरी भुकटी गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने धुतली. इंजिन सुरू असताना मीटरवर 14.1 व्होल्ट दिसल्यावर बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरला हात लावण्याची गरज नाही, असे सांगितले. नको असलेले काम नको म्हणून सांगणारा मिस्त्री मिळणे, हेच मला या गॅरेजचे सर्वांत मोठे बळ वाटते.

टायरच्या खाचांमध्ये तळाशी लहान उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आले की 1.6 मिलिमीटरच नक्षी उरलेली असते आणि असा टायर ओल्या रस्त्यावर भरवशाचा राहत नाही. माझे मागचे दोन्ही टायर त्या खुणेच्या अगदी जवळ आले होते, आणि डाव्या टायरमधली हवाही मोजल्यावर कमी, 25 पीएसआय एवढीच निघाली. रोज गाडी चालवूनही हे माझ्या लक्षात आले नव्हते.

उणिवाही सांगायला हव्यात. येथे व्हील अलाइनमेंट आणि बॅलन्सिंगचे यंत्र नाही, त्यामुळे टायर बदलण्यासाठी दुसरीकडे जावे लागले. बसायला धड जागा नाही. बिल हाती लिहिलेले मिळते. त्यात ऑइल, तीन फिल्टर, ब्रेक ऑइल आणि मजुरी यांची रक्कम वेगवेगळी मांडलेली होती, तरी गाडीचे किलोमीटर लिहिण्याची आठवण मला करून द्यावी लागली. एकूण खर्च 4,150 रुपये आला आणि काम साडेतीन तास चालले. जुने फिल्टर एका पिशवीत घालून त्यांनी डिकीत ठेवून दिले होते.

गॅरेज गुरुवारी बंद असते. लिफ्ट एकच असल्याने आदल्या दिवशी विचारून सकाळी नऊच्या आत पोहोचावे. अकरानंतर गेलेल्या गाडीला बहुधा दुसऱ्या दिवशीची वेळ मिळते.