ब्रुअरीची जुनी जाहिरातवाली व्हॅन घेताय? आधी हे वाचा

यूकेत लग्नं-इव्हेंट्सना व्हिंटेज गाडी लावून धंदा करायचा विचार असलेल्या आपल्या लोकांसाठी लिहितोय. मी आणि माझे साडू लेस्टरला केटरिंग करतो, वडापावच्या काउंटरसाठी जुनी व्हॅन हवी होती (हो, बिअरच्या गाडीतून वडापाव, हसा खुशाल). एकाने मॉरिस जे-टाईप दाखवली, १९५५ ची, दोन्ही बाजूंना बर्टनच्या एका ब्रुअरीचं (बिअरच्या कारखान्याचं) नाव, सोनेरी अक्षरं, जागोजागी रंग उडालेला. म्हणे ब्रुअरीने खास जाहिरातीसाठी बनवून घेतलेली.

बर्टन-अपॉन-ट्रेंट म्हणजे इथली बिअरची पंढरी, त्यामुळे पटतं पण. वर्दिंग्टनने १९२० च्या दशकात डेमलरच्या चेसीवर चक्क बाटलीच्या आकाराच्या गाड्या बांधून घेतल्या होत्या, तिथल्या म्युझियममध्ये एक ठेवलेली असायची, म्युझियम २०२२ मध्ये बंद झालं. हा माणूस त्याच गाडीचे फोटो दाखवून बोलत होता, म्हणजे खऱ्या इतिहासाच्या आड आपला माल सरकवत होता. वर ब्रुअरीच्या लेटरहेडवरचं १९५५ चं पत्र, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. भाव साध्या जे-टाईपच्या जवळजवळ दीडपट. साडूंनी विचारलं, "एवढे का?" तर म्हणाला, "व्हॅनचे नाही, हिस्टरीचे पैसे आहेत."

गाडी घरी आली, धुताना दाराच्या फटीपाशी अक्षराची कड नखाला लागली. हेअर ड्रायर लावून ओढली तर अख्खं अक्षर सालीसारखं निघालं, व्हायनलचं स्टिकर! वरून सँडपेपर मारून जुनं केलेलं. त्या काळी पेंटर ब्रशने रंगवायचे, खऱ्या कामात ब्रशचे फटकारे दिसतात, बोटाला लागतात. खाली क्रीम रंग आणि त्यात पुसट "बेकर". म्हणजे बेकरीची पाव पोचवायची गाडी.

मग पत्र नीट बघितलं. पत्त्यात डीई१४ असा पोस्टकोड. अहो, १९५५ ला इथे असले पोस्टकोड होतेच कुठे, पहिली ट्रायल १९५९ ला नॉर्विचला झाली आणि देशभर यायला सत्तरचं दशक उजाडलं. नंबर प्लेटही बोलत होती, तेव्हाच्या नंबरातल्या शेवटच्या दोन अक्षरांवरून गाडी कुठे नोंदली ते कळतं, हिची वायसी, म्हणजे सॉमरसेट. बर्टनचं स्वतःचं एफए होतं. यावर विक्रेत्याला विचारलं तर "डेपोची गाडी असेल."

व्ही५सी (गाडीचं सध्याचं नोंदणीपत्र) खरं होतं, पण त्यावर भरवसा ठेवू नका, त्यात आत्ताचा रजिस्टर्ड कीपर असतो, १९५५ ला गाडी कोणाच्या दारात उभी होती ते नसतं. जुनं लॉगबुक (त्या काळचं नोंदणीपुस्तक) मागा, त्यात आधीचे मालक आणि रंग असतात. बऱ्याच काउंट्यांची जुनी रजिस्टरं रेकॉर्ड ऑफिसात आहेत, पैसे द्यायच्या आधी मेल टाकून विचारा. आणि अक्षरांच्या कडेवरून नख फिरवाच, विक्रेता नको म्हणाला तर तिथूनच मागे फिरा.

"सोल्ड अॅज सीन" (आहे तशी विकली) लिहून दिलं म्हणजे सगळं संपलं असं नाही, खोटी माहिती देऊन विकलं असेल तर प्रायव्हेट विक्रेत्यावरही दावा लावता येतो, इंग्लंडमध्ये १०,००० पौंडांपर्यंत स्मॉल क्लेम्समध्ये (छोट्या रकमांच्या दाव्यांची कोर्टाची सोय). आमच्याकडे जाहिरातीचा स्क्रीनशॉट होता म्हणून नोटीस तरी पाठवता आली, फरकाची रक्कम मागितलीय, अजून उत्तर नाही.

गेल्या आठवड्यात साडूंनी नवी जाहिरात पाठवली. तोच माणूस, यावेळी लॉरी, दुसरी ब्रुअरी, आणि फोटोत तसंच पत्र, सहीसुद्धा तीच.