दारासमोरचा फोनचा पिट बदलला: कामाला पैकीच्या पैकी, निरोपाला नापास

आम्ही मेलबर्नच्या जुन्या वस्तीत राहतो. फायबरसाठी घरासमोरच्या फुटपाथमधला टेलिफोनचा जुना पिट, म्हणजे जमिनीत पुरलेली तारांची पेटी, काढायचा होता, आणि तो ॲस्बेस्टॉस सिमेंटचा; त्याचे बारीक तंतू श्वासातून आत गेले तर फुप्फुसांचे गंभीर आजार होऊ शकतात. 2013 साली अशाच पिटांच्या कामात हलगर्जी झाली म्हणून टेल्स्ट्रा या ऑस्ट्रेलियातल्या फोन कंपनीने ते काम देशभर थांबवलं होतं. त्यामुळे मी खिडकीतून हललेच नाही.

तिघं जण आले. अंगभर पांढरे डिस्पोझेबल सूट, तोंडावर मास्क. आधी फुटपाथ दोन्हीकडून बंद केला, मग पिटावर बारीक फवारा मारून तो चिंब भिजवला. ओल्यातून तंतू फारसे उडत नाहीत, सगळी मेख तिथेच आहे. ग्राइंडर नाही, घणाचे घाव नाहीत. तुकडे हाताने अलगद उचलून जाड प्लॅस्टिकमध्ये दुहेरी गुंडाळले, टेप लावली, वर इशाऱ्याचं लेबल. शेवटी सूटही त्याच कचऱ्यात गेले. ते पाहताना बाबा आठवले. सांगलीच्या घरी असल्याच ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे त्यांनी उघड्या तोंडाने करवतीने कापले होते आणि ती पांढरी भुकटी मी केरसुणीने झाडली होती. तेव्हा कोणी सांगितलंच नाही.

तक्रार एकच. कामाची चिठ्ठी आदल्या संध्याकाळी पेटीत पडली. शेजारच्या आजींनी तर कपडे बाहेर वाळत घातले होते, मीच पळत जाऊन काढायला लावले. निदान आठवडाभर आधी दार वाजवून सांगा.