गंभीर आजाराचा रायडर: मूळ रकमेतला की वेगळा?

समजा, कोल्हापूरच्या उद्यमनगरात स्वतःचा लेथ चालवणारा पस्तिशीतला माणूस १ कोटीची टर्म पॉलिसी, म्हणजे मृत्यूनंतर घरच्यांना रक्कम देणारा साधा आयुर्विमा, काढतोय. घरखर्च महिना ४०,००० आणि घराचा हप्ता १८,०००. मशीन थांबलं की कमाई थांबली. एजंट म्हणतो, २५ लाखांचा गंभीर आजाराचा रायडर, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडायचं जादा कलम, जोडून घ्या. प्रीमियम विचारण्याआधी त्याला एवढंच विचारावं: हे २५ लाख त्या कोटीतूनच देणार का?

ॲक्सिलरेटेड रायडर असेल तर हो, कोटीतूनच. कॅन्सरचं निदान अटीत बसलं की २५ लाख हातात येतात आणि मृत्यूनंतर घरच्यांना मिळायची रक्कम ७५ लाखांवर येते. ॲडिशनल प्रकारात २५ लाख वेगळे मिळतात, कोटी तसाच राहतो. त्याचा प्रीमियम जास्त असतो. तरी घरात लहान मुलं आणि डोक्यावर कर्ज असेल तर आम्ही ॲडिशनलच सुचवतो. कारण एकदा कॅन्सर झालेल्या माणसाला नवी टर्म पॉलिसी मिळणं फार अवघड. कमी झालेले २५ लाख परत भरून निघत नाहीत. अगदीच झेपत नसेल तर ॲक्सिलरेटेड घ्या, पण मूळ विमा सव्वा कोटीचा करा. दोन्हींचं कोटेशन लेखी मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर आणि आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, त्यामुळे १८ टक्के जीएसटी धरलेलं जुनं कोटेशन चालवून घेऊ नका.

बऱ्याच टर्म पॉलिसींत ‘टर्मिनल इलनेस’ची सोय आधीच असते. तिला रायडर समजू नये. तिथे रुग्ण साधारण ६ महिन्यांपलीकडे जगणार नाही असं डॉक्टरांनी लिहून द्यावं लागतं. बरं होऊन पुन्हा कामावर उभं राहायचं आहे त्याला ती उपयोगी नाही.

तिसरा पर्याय म्हणजे स्वतंत्र क्रिटिकल इलनेस (गंभीर आजार) पॉलिसी. वयाबरोबर तिचा प्रीमियम चढतो, पण टर्म पॉलिसी बंद पडली तरी ती चालू राहते. रायडर मात्र मूळ पॉलिसीबरोबरच संपतो. दवाखान्याचं बिल हे मेडिक्लेमचं काम, त्यामुळे मेडिक्लेम नसेल तर आधी तो घ्या.

रक्कम किती? वरच्या घरात दोन वर्षं कमाई थांबली असं धरलं, तर खर्च आणि हप्ता मिळून ५८,००० गुणिले २४ महिने म्हणजे १३,९२,००० होतात. त्यावर महालक्ष्मी एक्स्प्रेसने परळच्या टाटा रुग्णालयात सोबतीच्या माणसासह वारंवार जाणं-राहणं धरा. २० लाखांच्या खाली जाऊ नये.

क्लेम अडकतो तो आजाराच्या व्याख्येत. अगदी सुरुवातीचा, जागेवरच असलेला ‘इन सिटू’ कॅन्सर धरत नाहीत. पक्षाघाताची लक्षणं किमान ३ महिने टिकल्याचा पुरावा लागतो. महिन्याभरात हात पूर्ववत झाला तर पैसे नाहीत. किडनीसाठी नियमित डायलिसिस किंवा प्रत्यारोपण हवं. हृदयाचं प्रकरण जास्त बारकाईनं बघावं लागतं. तपासणीत ब्लॉकेज निघालं आणि स्टेंट टाकला, तर आजारांच्या यादीत अँजिओप्लास्टी (स्टेंट टाकून रक्तवाहिनी मोकळी करणं) नसेल तिथे काहीच मिळत नाही. झटका येऊन स्टेंट टाकला असेल तर ‘पहिला हार्ट अटॅक’ म्हणून क्लेम करता येतो. पण त्यासाठी छातीत दुखल्याची नोंद, ईसीजीतला बदल आणि रक्ततपासणीत वाढलेलं ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाल्याचं दाखवणारं प्रथिन), तिन्ही कागदावर हवेत. ईसीजीची पट्टी काही महिन्यांत पुसट होते, त्याच दिवशी झेरॉक्स काढा.

साधारणपणे पहिले ९० दिवस प्रतीक्षा काळ असतो, म्हणजे त्यात निदान झालं तर क्लेम मिळत नाही, आणि निदानानंतर ठरावीक दिवस, बहुधा ३०, रुग्ण हयात असावा लागतो. प्रीमियम न भरल्यानं पॉलिसी लॅप्स होऊन (बंद पडून) पुन्हा चालू केली तर बहुतेक ठिकाणी ९० दिवस नव्याने मोजतात. उसाच्या बिलावर घर चालत असेल तर वार्षिक हप्ता बिल जमा होण्याच्या महिन्यातच लावून घ्या.

प्रस्तावात बीपी-शुगर लपवू नका. ॲडमिट करताना नातेवाईक ‘५ वर्षांपासून गोळ्या चालू आहेत’ असं सांगतात, ते केसपेपरवर येतं आणि कंपनी तोच कागद पुढे करते. बाँड (पॉलिसीचा कागद) हातात आल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते. तेवढ्यात एजंटला समोर बसवून व्याख्यांचं पान ओळीनं वाचून घ्या. पुढे क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर कोल्हापूरकरांसाठी विमा लोकपाल पुण्यात आहे. तिथे वकील लागत नाही, फीही नाही.